भूछत्रासारखा ढग दिसला, की तो अणुस्फोटच का?

मूलकण (धागाकर्ते)

काल 'शंकासुर' यांनी बैरुत बंदरातील 4 ऑगस्ट 2020 च्या स्फोटाची चित्रफीत आणि बिकिनी प्रवाळद्वीपावरील 1946 च्या पाण्याखालच्या अणुचाचणीचे छायाचित्र शेजारी शेजारी लावून 'हा अणुस्फोटच' असे शीर्षक दिले आणि खाली 'डोळे असणाऱ्याला आणखी पुरावा कशाला?' असे विचारले. तेथे दोन ओळींत उत्तर देणे मला जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

भूछत्राचा आकार हा अणूचा नव्हे, तापलेल्या वायूचा गुण आहे. एका जागी एकाएकी प्रचंड उष्णता निर्माण झाली, की हलका झालेला वायू वर चढतो, कडांशी वळसे घेत पसरतो आणि खालची धूळ देठासारखी ओढून नेतो. ज्वालामुखीही हेच करतो. पांढरा घुमट म्हणजे आघातलहरीच्या, म्हणजे स्फोटाने दाबलेल्या हवेच्या धावत्या लाटेच्या, मागे दाब आणि तापमान क्षणभर उतरल्यामुळे दमट हवेत धरलेले धुके. दोन्ही ठिकाणी हवा समुद्रावरची होती, एवढेच त्या दोन चित्रांतले साम्य. बैरुतला सुमारे 2,750 टन अमोनियम नायट्रेट साठवलेले होते आणि बहुतेक अंदाजांनुसार स्फोटाची शक्ती अर्धा ते एक किलोटनाच्या (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी या स्फोटकाची ऊर्जा) आसपास येते. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात 1917 मध्ये दारूगोळ्याने भरलेले जहाज उडाले, तेव्हा सुमारे 2.9 किलोटन शक्ती बाहेर पडली होती. तो बॉम्ब कोणाचा होता, हेही शंकासुरांनी सांगावे.

सुरुंगवाला

मी बावीस वर्षे दगडखाणीत सुरुंग भरले आहेत. अमोनियम नायट्रेटमध्ये डिझेल कमी पडले किंवा भोकात पाणी शिरले, तर नारिंगी-तांबूस धूर उठतो, आणि तो दिसला की मुकादम आमची खरडपट्टी काढत असे. बैरुतचा तो लाल लोट पाहताच काय उडाले असावे, हे मी घरच्यांना बातमी येण्याआधी सांगितले होते.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. 'किलोटन' हा शब्द ऐकला, की वाहिन्यांना थेट हिरोशिमा आठवते. ते ऊर्जेचे माप आहे, अणूची मक्तेदारी नव्हे. अमेरिकेने 1985 मध्ये न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे हेच नायट्रेट आणि इंधनतेल यांचे चार हजार टनांहून अधिक मिश्रण एकाच वेळी उडवले, तेही अणुस्फोटाच्या आघाताची नक्कल करण्यासाठीच.

शंकासुर

व्याख्यानांबद्दल दोघांचेही आभार. तांबड्या धुराचा मुद्दा मात्र आपल्यावरच उलटतो, कारण अणुस्फोटाच्या प्रखर उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून तोच तांबूस वायू तयार होतो. दुसरे असे, की उपग्रह अणुस्फोट ओळखतात ते दुहेरी लखलखाटावरून, आणि बैरुतच्या चित्रफितीत दोन लखलखाट स्पष्ट दिसतात. आता बोला.

मूलकण

धुराचा आक्षेप मान्य. रंगावरून निकाल लावता येत नाही. पण दुसरा मुद्दा वाचून मी कपाळाला हात लावला. बैरुतमधले दोन स्फोट वेगवेगळे होते आणि त्यांच्यात सुमारे अर्ध्या मिनिटाचे अंतर होते. अणुस्फोटाचा दुहेरी लखलखाट हा एकाच अग्निगोलाचा असतो. आघातलहरीने तापलेली हवा अपारदर्शक होऊन आतला गोळा क्षणभर झाकते, लहर निवत गेली की तो पुन्हा उघडा पडतो, आणि एका किलोटनाच्या स्फोटात हा सगळा खेळ काही शतांश सेकंदांत आटोपतो. रासायनिक स्फोटाचे तापमान काही हजार अंशांवरच थांबते, म्हणून तेथे असे घडत नाही.

छायाचित्रकार

मग दोघांनीही चित्रफितीचा नाद सोडावा. साधा मोबाइल सेकंदाला तीस चौकटी टिपतो, म्हणजे एक चौकट सुमारे तीन शतांश सेकंदांची. तेवढ्यात हा लखलखाट विरून जाईल. दिसला नाही म्हणून तो नव्हता, असे मूलकण यांनाही म्हणता येणार नाही. एका लग्नात विजेचा लोळ टिपल्याचा दावा मी वर्षभर मिरवला आणि शेवटी ते दुसऱ्याच्या फ्लॅशचे प्रतिबिंब निघाले, तेव्हापासून मी चौकटी मोजूनच बोलतो.

शंकासुर

वा! म्हणजे दिसले तरी पुरावा नाही आणि न दिसले तरी नाही. उपकरणांचे तरी कोठे ठरते? अमेरिकेच्या वेला उपग्रहाने 22 सप्टेंबर 1979 रोजी दक्षिणेकडील समुद्रावर दुहेरी लखलखाट नोंदवला, आणि सरकारने नेमलेल्या समितीने तो बहुधा अणुस्फोट नसावा, उपग्रहावर आदळलेल्या सूक्ष्म उल्केमुळे चमकलेला सूर्यप्रकाश असावा, असा निष्कर्ष काढला. नको तेव्हा उल्का आडवी येते, हे मोठेच सोयीचे आहे.

मूलकण

त्या निष्कर्षावर अनेक तज्ज्ञांचा तेव्हाही विश्वास नव्हता आणि माझाही नाही. ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांच्या कंठग्रंथींत त्या सुमारास आयोडीन-131, म्हणजे अणुस्फोटातून बाहेर पडणारे किरणोत्सारी आयोडीन, आढळल्याच्या नोंदी पुढे आणल्या गेल्या, पाण्यातून आलेल्या ध्वनिलहरींचाही आधार दिला गेला, आणि...

सुरुंगवाला

विषय बैरुतचा होता. आता आपण मेंढ्यांच्या गळ्यापर्यंत पोहोचलो आहोत.

शंकासुर

गळ्याशी आले, की विषयाची आठवण होते! सरकारी समिती खोटी आणि मेंढी खरी, हा कोणता न्याय?

मूलकण

आपल्याला वाचायचे नसेल, तर निदान दुसऱ्यांची टवाळी तरी करू नये. मेंढी कोणाची बाजू घेत नाही, हाच त्या पुराव्याचा गुण आहे. वेलाचा वाद इतकी वर्षे चालला तो लखलखाटावर सर्वांचे एकमत होईना म्हणून, आणि त्यात वजन पडले ते मागे राहिलेल्या किरणोत्सारी खुणेमुळे. उत्तर कोरियाची 2006 ची चाचणी एका किलोटनाहूनही लहान होती आणि जमिनीखाली झाली होती, तरी तिचा किरणोत्सारी झेनॉन वायू कॅनडातील मापनकेंद्रापर्यंत वाहत गेला. बैरुतचा स्फोट तर उघड्यावर, समुद्राला लागून झाला. तो अणूचा असता, तर न्यूट्रॉनच्या माऱ्याने समुद्राच्या मिठातील सोडियम किरणोत्सारी झाले असते. इतक्या लहान अणुस्फोटात प्रारणाचा घातक पल्ला भाजण्याच्या पल्ल्यालाही मागे टाकतो, त्यामुळे जवळचे लोक आघातातून वाचूनही काही दिवसांनी प्रारणाच्या आजाराने रुग्णालयांत दाखल झाले असते. तेथील डॉक्टरांसमोर आली ती काचांनी चिरलेली आणि ढिगाऱ्याखाली चिरडलेली माणसे.

छायाचित्रकार

हे पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते, तर मेंढ्या वाचल्या असत्या.

शंकासुर

रुग्णालयांचा मुद्दा मला खोडता येत नाही, आणि त्यासाठी एवढी वाट पाहायला लावल्याबद्दल मी धागाकर्त्यांचा आभारी आहे. माझ्या शीर्षकातील 'अणुस्फोटच' या शब्दातला 'च' मी काढत आहे.

मूलकण

उरलेला शब्दही काढावा.