कार्बोरेटर बदलण्याआधी गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून पाहा

भर उन्हात जुनी गाडी बंद पडते आणि संध्याकाळी आपोआप सुरू होते म्हणजे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) गेला, तो बदलाच, असा सल्ला कुणी दिला तर तो मला पटत नाही. कार्बोरेटर बिघडला असता तर सकाळीही त्रास दिला असता. हा बहुतेक व्हेपर लॉक आहे, म्हणजे वाफेमुळे पेट्रोल अडणं. जुन्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनला चिकटून असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात पारा ४५च्या वर, त्यात बॉनेटखालची धग. पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. नव्या गाड्यांचा पंप टाकीतच असतो, तो दाबाने पेट्रोल ढकलतो, म्हणून त्यांना हा त्रास फारसा होत नाही.

मारेगावहून करंजीकडे येताना आमची अशीच थांबली होती. बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, कॅनमधल्या पाण्यात भिजवून पिळला आणि पंपावर गुंडाळला. चर्र आवाज झाला, वाफ निघाली. पंधरा मिनिटं निंबाखाली बसलो, दुपट्टा पुन्हा एकदा भिजवला आणि दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू! तेव्हापासून डिक्कीत पाण्याची कॅन आणि जुनं सुती धोतर कायम असतं. फक्त इंजिन तापलेलं असताना पेट्रोलची नळी सोडू नका, उडालेलं पेट्रोल पेट घेतं.