मदत हवी आहे: पाचवीच्या 'पाणी' धड्यात ओमानचा फलज कसा आणू?

नमस्कार मंडळी,

मी मस्कतमध्ये एका आंतरराष्ट्रीय शाळेत पाचवीला विज्ञान आणि परिसर शिकवते. बाहेरून येणाऱ्या पुस्तकांना जोडून इथल्या वारशावर स्वतःची पूरक पुस्तिका काढायची असं शाळेने यंदा ठरवलंय. त्यातला 'पाणी' हा भाग माझ्याकडे आलाय आणि हातात दोन महिने आहेत.

सध्याच्या पुस्तकात धरण, नळ, बारमाही नदी, जलशुद्धीकरण केंद्र सगळं आहे, पण चित्रं हिरव्यागार मुलखातली. अरब माणूस येतो तो धड्याच्या शेवटी एका चौकटीत, उंट आणि तंबूसोबत. माझ्या वर्गात एक ओमानी मुलगा आहे, दर शुक्रवारी निझवाजवळच्या गावी जाणारा. गेल्या सत्रात बोलता बोलता म्हणाला, "आजोबा गावाला पाणी वाटतात." मला आधी टँकर वाटला! खोदून विचारलं तेव्हा कळलं, आजोबा तिथल्या फलजचे, म्हणजे जमिनीखालून गावात पाणी आणणाऱ्या जुन्या पाटाचे, अरीफ (पाण्याची वाटणी बघणारे) आहेत. पोराने खडू घेतला आणि फळाभर फलज काढला: डोंगराच्या पायथ्याची खोल विहीर, तिथून जमिनीखालून येणारा बोगदा, पाणी उघड्यावर येतं ती जागा. तिथे आधी पिण्याचं पाणी भरायचं. मग पाणी मशिदीकडे, मग अंघोळीच्या जागांकडे, मग खजुराच्या बागांना आणि सगळ्यात शेवटी हंगामी शेतांना. दुष्काळात शेतं कोरडी ठेवतात, झाडं जगवतात.

त्याच मुलाने परीक्षेत 'पाण्याचे स्रोत' या प्रश्नाला नदी, तलाव, पाऊस असं लिहिलं. फलज लिहिला नाही. लिहिला असता तरी उत्तरतालिकेत तो नव्हताच. हे मला फार लागलंय. ओमानात आजही सुमारे 3,000 अफलाज (फलजचं अनेकवचन) वाहताहेत, त्यातल्या पाचांना 2006 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि इथेच वाढणाऱ्या मुलाला वाटतं की घरचं पाणी पुस्तकात बसत नाही.

म्हणून मला फलज चौकटीत नकोय, धड्याच्या पोटात हवाय. 'फलज' शब्दाच्या मुळाशीच वाटणी आहे. पाणी लिटरवर नाही, वेळेवर वाटतात. अर्ध्या तासाचा एक 'अथर'. पूर्वी दिवसा काठीची सावली आणि रात्री तारे बघून पाळी मोजायचे, आता बहुतेक ठिकाणी घड्याळ आहे. म्हणजे भूगोल, गणित आणि खगोल एकाच पाटात! एक गणित करून ठेवलंय: पाण्याची फेरी आठ दिवसांची असेल तर एकूण अथर किती? (384.) पुढचं असं की काही हिस्से लिलावात जातात आणि त्या पैशातून फलजची डागडुजी होते. हे पाचवीला झेपेल का?

माझं माहेर साक्री तालुक्यातलं. पांझरेवरची फड पद्धत लहानपणापासून ऐकत आले. बंधाऱ्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते पाटकरी बघायचा, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कुठला फड (शेतांचा पट्टा) पडीक ठेवायचा ते गाव मिळून ठरवायचं. अरीफ म्हणजे आमचा पाटकरीच की! वर्गात इजिप्त, फिलिपिन्स, केरळ, पाकिस्तान सगळीकडची मुलं आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या पाणीवाटपाबद्दल घरी विचारून यावं, असा उपक्रम डोक्यात आहे. पण भीती अशी की त्या तुलनेत फलज मागे पडेल आणि पुन्हा तो एक 'नमुना' होऊन बसेल. धडा त्याचाच राहिला पाहिजे. हे कसं सांभाळू?

दुसरी अडचण शब्दांची. अरीफ, अथर, फलज हे शब्द मला तसेच ठेवायचेत, सोबत अरबी लिपीत. सहशिक्षकांचं म्हणणं, इतर मुलांना जड जाईल, 'कालवा' म्हणून मोकळे व्हा. मला पटत नाही. कालवा म्हटलं की जमिनीखालचा बोगदाही जातो आणि वाटणीही जाते. तुमच्यापैकी कुणी शाळेसाठी असं लेखन केलं असेल तर एका धड्यात किती नवे शब्द पेलतात ते सांगा.

कुवेत, बहारीन, अमिरातीतल्या शिक्षक मंडळींनी मोती काढणं, जहाजबांधणी, सदू (बेदुइनांचं पारंपरिक) विणकाम यावर धडे केले असतील तर तेही ऐकायचंय, खास करून मजकूर कुणाकडून तपासून घेतलात ते. आमच्याकडे अरबीचे शिक्षक आहेत, पण ते शहरात वाढलेले, फलजबद्दल त्यांनाही विचारूनच सांगावं लागतं.

येत्या शुक्रवारी त्या मुलाच्या आजोबांना भेटायला गावी जातेय. मुलाची आई दुभाषी म्हणून सोबत आहे. वेळ तासाभराचा. त्यांचं नाव आणि फोटो छापायची परवानगी पहिल्याच भेटीत मागावी की आधी नुसतं ऐकून यावं? आणि त्या तासात काय विचारायला विसरू नये? गुरुवार रात्रीपर्यंत सुचेल ते लिहा, मी वही घेऊन बसलेय.