मदत हवी आहे: स्वतः लिहिलेला फ्लॅक एन्कोडर टाळ वाजले की ढेपाळतो

मंडळी,

गावच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी वेव्हमध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाइल) उतरवून घेतोय, आणि त्या फ्लॅकमध्ये (आवाज तसाच ठेवून फाइल लहान करणारा प्रकार) दाबायच्या आहेत. तयार एन्कोडर वापरला असता तर काम एका दुपारचं होतं, पण फ्लॅक आतून कसं चालतं ते कळावं म्हणून पायथनमध्ये स्वतःच लिहायला बसलो. (घरच्यांचं मत विचारू नका.) समोर आरएफसी ९६३९ (फ्लॅकचा अधिकृत तपशील सांगणारा दस्तऐवज) आहे. फ्लॅक १.० आलं २००१ मध्ये आणि हा आरएफसी निघाला डिसेंबर २०२४ मध्ये. त्याआधी ज्यांनी एन्कोडर लिहिले त्यांना कोपरापासून नमस्कार.

सध्या मोनो, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. ब्लॉक ४०९६ सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप), फिक्स्ड प्रेडिक्टर (मागच्या सॅम्पलवरून ठरलेल्या सूत्राने पुढच्याचा अंदाज), ० ते ४ पैकी जी ऑर्डर (मागचे किती सॅम्पल बघायचे) स्वस्त पडेल ती. अंदाज चुकून जे उरतं ते राइस कोडिंगने (लहान आकड्यांना कमी बिट देणारी पद्धत) लिहितो, ब्लॉकभर एकच 'के' (आकडे किती मोठे आहेत त्यावरून ठरणारं माप).

तीन मिनिटांची वेव्ह १५.९ एमबी. नुसती पेटी-तंबोरा असलेला तुकडा ७.१ वर आला. टाळ सुरू झालेला तेवढाच तुकडा १३.८! मूळ फ्लॅक लेव्हल ८ वर (सगळ्यात जास्त दाबणारी) तोच १२.२ मध्ये बसवतं.

दुसरं म्हणजे फाइल नीट वाजते, एफएफएमपेग या दुसऱ्या प्रोग्रामने उलगडून सॅम्पल ताडले तर एकही फरक नाही, तरी फ्लॅकची टेस्ट मारली की एमडी५ (डेटावरून काढलेला ओळखीचा ठसा) जुळत नाही म्हणून ओरडते. दोन रात्री गेल्या यात.

चहाबिस्कीट: एमडी५ नक्की कशाचा काढताय?

धागाकर्ता: अख्ख्या वेव्ह फाइलचा.

चहाबिस्कीट: मग कसा जुळेल! हेडर नको, फक्त सॅम्पल. तेही लिटल-एंडियन (खालचा बाइट आधी), फ्लॅकची बाकी फाइल बहुतेक बिग-एंडियन (वरचा बाइट आधी) असली तरी. १६ बिट वेव्हमधला डेटाचा भाग जसाच्या तसा द्या.

बिटकरी: टाळाचं बघा. ४०९६ सॅम्पल म्हणजे ९३ मिलिसेकंद. त्यात टाळ एकदा खणकन वाजतो आणि विरतो. खणकाराला मोठा के हवा, मागच्या झंकाराला लहान, आणि तुम्ही दोघांना एकाच मापाचा सदरा शिवलाय. ब्लॉकचे ८ पार्टिशन करा, प्रत्येकाला आपला के. एका के-ला ४ बिट लागतात, म्हणजे खर्च किरकोळ. फक्त पहिल्या पार्टिशनमध्ये प्रेडिक्टरच्या ऑर्डरइतके सॅम्पल कमी असतात. तिथे मी स्वतः आठवडाभर रडलोय. आणि कॅसेटची खरखर कोणीच दाबू शकत नाही, तेव्हा पेटीच्या आकड्याची आशा सोडा.

धागाकर्ता: एमडी५ जुळला! पार्टिशनने टाळ १३.१ वर आले. पहिल्या पार्टिशनच्या खड्ड्यात मीही पडलोच, सूचना वाचूनसुद्धा. उरलेली तफावत एलपीसीची (प्रत्येक ब्लॉकसाठी अंदाजाचं वेगळं सूत्र काढणारा प्रेडिक्टर) असणार. त्यासाठी ऑटोकोरिलेशनआधी (सॅम्पलची मागच्या सॅम्पलशी तुलना) विंडो (ब्लॉकच्या कडा सौम्य करणारं वजन) कुठली लावता तुम्ही?