शर्मिष्ठादेवी होळकर: शुद्धी झाल्यावरही लांभाते घराण्यात दत्तक का जावे लागले?

शनिवारपेठकर (पुणे)

नमस्कार. माझ्या आजीचे माहेर इंदूरचे. गेल्या महिन्यात माळ्यावरची तिची पत्र्याची पेटी खाली काढली, तेव्हा कुठल्याशा मासिकातून कात्रीने नीट कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले एक छायाचित्र हाती लागले. डोक्यावरून पदर, कपाळी कुंकू, आणि चेहरा मात्र सरळसरळ परदेशी. मागच्या बाजूला आजीच्या बोरूवळणी अक्षरात एवढेच लिहिले आहे: ‘शर्मिष्ठाबाई, लांभात्यांची लेक’.

शोध घेतल्यावर कळले की या बाई म्हणजे नॅन्सी ॲन मिलर. त्या मूळच्या अमेरिकेतील सिॲटलच्या, आणि इंदूर संस्थानचे माजी महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्याशी त्यांचा विवाह 1928 मध्ये झाला. त्याआधी नाशिकला त्यांची शुद्धी होऊन त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला होता, इथपर्यंत समजले. मला पडलेला प्रश्न असा की, धर्म बदलला, नाव बदलले, मग वर दत्तकविधान कशासाठी? मिलर यांची मुलगी लांभात्यांची लेक कशी झाली? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

नीराकाठ

आपल्या आजींनी मोजक्या शब्दांत नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवले आहे, कारण त्या विवाहातील खरी अडचण धर्माची कमी आणि जातीची अधिक होती.

होळकर हे धनगर. आपल्याच भागातील नीराकाठच्या होळ गावावरून त्यांचे आडनाव पडले आणि जेजुरीचा खंडोबा हे त्यांचे कुलदैवत. शुद्धीच्या विधीने परधर्मीय व्यक्ती हिंदू होऊ शकते, असे आर्य समाज आणि हिंदू महासभेची मंडळी तेव्हा हिरिरीने मांडत होती. परंतु हिंदू झालेल्या माणसाची जात कोणती, याचे उत्तर त्या विधीत नव्हते. जातीत माणूस जन्माला येतो, आणि हिंदू विवाहात कन्यादान करायला कुणीतरी बाप लागतो. नॅन्सीबाईंना हिंदू करणारे शंकराचार्य मिळाले, तरी मांडवात त्यांचा हात वराच्या हाती देणारे माहेर कुठून आणायचे? ते माहेर होळकरांच्याच दरबारातील धनगर सरदार कर्नल लांभाते यांच्या घराण्याने दिले. लांभात्यांनी त्यांना मुलगी मानून दत्तक घेतले आणि त्या रीतसर धनगराची लेक म्हणून बोहल्यावर उभ्या राहिल्या.

तारखा पाहिल्या तर सारे किती घाईत उरकले, हे ध्यानात येते. 13 मार्च 1928 रोजी नाशिकला शुद्धी झाली आणि अवघ्या चार दिवसांनी, 17 मार्चला, नर्मदेकाठच्या बडवाह येथे विवाह लागला. वधूचे वय वीस, वराचे सदतीस, आणि वराच्या घरी आधीच्या राण्या होत्याच. ते शंकराचार्य म्हणजे करवीर पीठाचे डॉ. कुर्तकोटी. त्यांना त्या पीठावर राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये आणले होते. याच शाहू महाराजांनी तुकोजीरावांबरोबर मराठा-धनगर विवाहांची योजना आखली होती, आणि तिच्यातूनच कागलकर घाटग्यांच्या संयोगिताबाई तुकोजीरावांचे चिरंजीव यशवंतराव यांच्या पत्नी झाल्या. म्हणजे होळकरांच्या घरात जातीबाहेरची सून येणे हे नवे नव्हते. धर्माबाहेरची येणे मात्र नवे होते.

पुराणवस्तू

नीराकाठ यांचे विवेचन मला पटते. त्याला दोन गोष्टी जोडतो.

पहिली कायद्याची. धर्म न बदलता नोंदणी पद्धतीने विवाह का केला नाही, असे आज कुणीही विचारील. ब्रिटिश हिंदुस्थानात 1872 चा विशेष विवाह कायदा होता, पण त्याचा लाभ घेणाऱ्यास आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणीही नाही असे लिहून द्यावे लागे. 1923 च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसातील विवाहापुरती ती अट सुटली. हिंदू वर आणि ख्रिस्ती वधू यांना नाही. त्यामुळे शंकराचार्य, शुद्धी आणि दत्तक हा लांबचा वाटणारा रस्ताच प्रत्यक्षात जवळचा होता.

दुसरी गोष्ट दक्षिणेतील पुदुकोट्टई संस्थानाची. तेथील राजे मार्तंड भैरव तोंडैमान यांनी 1915 मध्ये मेलबर्नला मॉली फिंक या ऑस्ट्रेलियन युवतीशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ब्रिटिश सरकारने तिला राणीचा मान दिला नाही आणि तिच्या मुलाला गादीही नाकारली. तुकोजीरावांना ही भीती नव्हती, कारण त्यांच्याजवळ गमावण्यासारखी गादी उरलीच नव्हती. जानेवारी 1925 मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला, त्यांच्याबरोबर असलेल्या, इंदूर दरबार सोडून आलेल्या मुमताज बेगम या नर्तकीच्या चेहऱ्यावर वार झाले, धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले, आणि चौकशीला सामोरे जायचे की पदत्याग करायचा अशी वेळ आल्यावर फेब्रुवारी 1926 मध्ये तुकोजीरावांनी मुलासाठी गादी सोडली. नॅन्सीबाईंनी राजाशी लग्न केले असे वृत्तपत्री मथळे सांगत असले, तरी ज्याच्याशी केले तो माजी राजा होता.

(पुढे यशवंतरावांनीही संयोगिताबाईंच्या निधनानंतर दोन अमेरिकन स्त्रियांशी विवाह केले. 1961 मध्ये त्यांच्यामागे वारसा आला तो संयोगिताबाईंच्या कन्या उषाराजे यांच्याकडे, अमेरिकन राणीच्या मुलाकडे नव्हे.)

गोदावरी_वाडा

मी मूळची नाशिकची, आता कोथरूडला असते. या शुद्धीचे कौतुक ऐकले की मला नेहमी एकच आठवते. ज्या नाशिकात मार्च 1928 मध्ये सिॲटलची तरुणी चार मंत्रांनी हिंदू झाली, त्याच नाशिकात दोन वर्षांनी, 2 मार्च 1930 रोजी, जन्माने हिंदू असलेल्या हजारो अस्पृश्यांना डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रहाला बसावे लागले, आणि वर्षानुवर्षे लढूनही ते दार उघडले नाही. नॅन्सीबाईंचा यात काही दोष नाही. पण ‘जात कुठून आणायची’ हा प्रश्न लांभात्यांनी एका दिवसात सोडवला, कारण मागणारा होळकर होता. हे नीराकाठ यांच्या उत्तरात यायला हवे होते.

आणखी एक. सगळी चर्चा त्या चार दिवसांभोवती फिरते आहे. बाई त्यानंतर सदुसष्ट वर्षे जगल्या. चार मुली वाढवल्या, 1978 मध्ये पॅरिसला तुकोजीराव गेले, आणि त्यानंतरही त्या सिॲटलला परतल्या नाहीत. 1995 मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो शर्मिष्ठादेवी होळकर म्हणूनच. विधी कुणी आणि का केला यापेक्षा तो त्यांनी निभावला किती, याची नोंद मला मोठी वाटते.

नीराकाठ

गोदावरीताई, काळारामाचा मुद्दा मान्य. तो माझ्याकडून राहिला खरा. दत्तकविधान मात्र केवळ राजाचा हट्ट पुरवण्यासाठी झाले, असे मी म्हणणार नाही. जातपंचायतीचा अधिकार तेव्हा चांगलाच भक्कम होता आणि राजालाही तिच्या संमतीची गरज वाटली, ही गोष्ट लहान नाही.

शनिवारपेठकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल आईला हे वाचून दाखवले आणि पेटी पुन्हा उघडली. तळाशी आणखी पाच छायाचित्रे निघाली, सगळी घरातल्या बायकांची: आजीची सासू, दोन जावा, नणंद आणि एक चुलतसासू. प्रत्येकीच्या मागे आजीने नाव लिहिले आहे, आणि पुढे सासरचे आडनाव कुठेही नाही. ‘गंगूताई, दात्यांची लेक.’ ‘माई, गोखल्यांची लेक.’ त्या पाचांच्या वर, त्याच दोऱ्याने बांधलेले, हे सहावे होते.