चौघांनी कॉन्सर्टला जायचं तर तिकिटांवर एवढे पैसे घालावेत का?

सारखी_घाईत
नमस्कार मंडळी. घरात गेले कित्येक दिवस एकाच विषयावर खल चाललाय आणि निर्णय काही होत नाही, म्हणून इथे टाकतेय. लेक तेरा वर्षांची, तिला एका गायिकेचं जबरदस्त वेड आहे, म्हणजे नुसती गाणी ऐकते असं नाही तर कुठलं गाणं कुठल्या अल्बममध्ये कितव्या नंबरला हेसुद्धा पाठ. आता त्या गायिकेचा दौरा जाहीर झालाय. धाकटा सहा वर्षांचा, त्याला ताई जे करते ते सगळं करायचं असतं, एवढाच त्याचा इंटरेस्ट. नवऱ्याचं म्हणणं जायचं तर सगळ्यांनी मिळून, नाहीतर राहू दे. एका तिकिटाचा आकडा बघितला तेव्हा डोळे मिटून हो म्हणता आलं असतं, पण चाराने गुणलं, वर ती सर्व्हिस फी की काय ती, प्रवास, रात्रीचा मुक्काम, आणि तिथला टीशर्ट तर हवाच असणार... तेवढ्यात आमची सुट्टीतली अख्खी ट्रिप निघते हो. एकीकडे वाटतं लेकीचं हे वय परत येणार नाही, दुसरीकडे वाटतं तीन तासांसाठी एवढे? नेलंय का कुणी मुलांना अशा मोठ्या शोला? वसूल झाले का पैसे? लांबच्या स्वस्त सीट घेतल्या तर चालतं का? आणि मुळात सहा वर्षांच्याला न्यावं का?

आकडेमोड
तुम्हाला महाग वाटतंय ते उगाच नाही, तिकिटं खरंच बाकी महागाईच्या पुढे धावलीत. अ‍ॅलन क्रूगर नावाचे अर्थतज्ज्ञ होते, त्यांनी अमेरिकेतला हिशेब मांडला होता, १९८१ ते २०१२ मध्ये तिथलं सरासरी तिकीट जवळजवळ ४०० टक्क्यांनी वाढलं आणि एकूण महागाई १५० टक्क्यांच्या आसपास. कारण सरळ आहे. पूर्वी अल्बम खपावा म्हणून दौरा करायचे, आता अल्बम कुणी विकत घेत नाही, ऐकणं जवळपास फुकट झालंय, मग कलाकाराची कमाई स्टेजवरच. डेव्हिड बोवी या गायकाने हे २००२ सालीच सांगून ठेवलं होतं की संगीत नळाच्या पाण्यासारखं नाहीतर विजेसारखं होणार, तेव्हा भरपूर दौरे करायची तयारी ठेवा.

त्यात आता मागणीप्रमाणे भाव हलवतात. २०२२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाच्या दौऱ्याला काही सीट ५००० डॉलरपर्यंत गेल्या होत्या, २०२४ मध्ये ओएसिस बँडच्या वेळी तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबून लोकांचा नंबर लागला तर स्टँडिंगचा, म्हणजे उभ्याने बघायच्या तिकिटाचा, भाव दुपटीच्या वर. आणि फीचं तर विचारूच नका, २०२३ मध्ये द क्युअर बँडच्या काही स्वस्त तिकिटांवर फी मूळ तिकिटापेक्षा जास्त झाली होती, गायकाने जाहीर बोंब मारली तेव्हा थोडी परत मिळाली लोकांना. अमेरिकेत मे २०२५ पासून पहिल्याच पानावर सगळं धरून पूर्ण किंमत दाखवायचा नियम आलाय, पण सगळीकडे तसं नाही, त्यामुळे पेमेंटच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन खरा आकडा बघा आणि मगच घरात वाद घाला :)

बाकी तुमच्या प्रश्नावर माझं मत, किंमत चौपट होतेय, आनंद होतोय का चौपट? तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी वेड एकीलाच आहे. बाकीचे तिघे सोबत म्हणून.

कन्सोलच्या_मागे
मी साउंडच्या कामात आहे, त्यामुळे सीट आणि कान या दोनच गोष्टींवर बोलतो, पैशाचं तुमचं तुम्ही बघा.

धाकट्याबद्दल आधी. मोठ्या शोमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास सहज असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी जी शिफारस केली तिच्यातली वरची मर्यादाच १०० डेसिबल आहे, पंधरा मिनिटांच्या सरासरीने. आता हे बघा, मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला चाळीस तास चालतं, लहान मुलांसाठी हाच आकडा ७५ धरतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. म्हणजे शंभरला मोठ्या माणसाचाच आठवड्याचा कोटा वीसेक मिनिटांत संपतो, सहा वर्षांच्या पोराचं तुम्हीच काढा. न्यायचंच असेल तर डोक्यावरून घालायचे लहान मुलांचे इअरमफ्स घ्या, कानात खुपसायचे फोमचे प्लग मोठ्यांच्या मापाचे असतात, छोट्या कानात नीट बसत नाहीत आणि मुलं दहा मिनिटांत काढून टाकतात. कापूस घालून काहीही होत नाही, ते सोडाच. लेकीला मात्र प्लग चालतील, म्युझिशियन लोक वापरतात तसले मिळाले तर गाणं चपटं ऐकू येत नाही, फक्त एकूण आवाज खाली येतो.

आता सीट. सगळ्यात पुढची सगळ्यात महाग म्हणून सगळ्यात चांगली हा गैरसमज आहे. पुढे सबवूफर्स, म्हणजे जाड, घुमणाऱ्या आवाजाचे स्पीकर, छातीवर येतात आणि गायिकेचा आवाज नीट कळत नाही कारण मेन स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे फेकतात. ज्या माणसाने आवाज जुळवायचा असतो तो बसतो मैदानाच्या मधोमध, मिक्सिंग कन्सोलवर, त्याच्या कानाला जे बरं वाटतं ते तो करतो, त्यामुळे त्याच्या आसपास किंवा त्याच रेषेत वरच्या मजल्यावर ऐकायला उत्तम. आणि या सीट बऱ्याचदा मधल्या भावाच्या असतात. फार लांब गेलात तर शंभर मीटरवर आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो, ड्रमरचा हात खाली येऊन जातो मग ठोका ऐकू येतो, काहींना त्याचा त्रास होतो काहींना कळतही नाही. स्टेजच्या बाजूच्या सीट घेताना मात्र 'दृश्य अंशतः झाकलेलं' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते बघा. स्टँडिंग मुलांबरोबर नकोच, समोर उंच माणूस आला की संपलं, शोभर त्याची पाठच बघायची.

घरबसल्या
एवढे पैसे देऊन शेवटी मोठ्या स्क्रीनवरच बघायचं ना? मग घरचा टीव्ही काय वाईट आहे. जवळून दिसतं, बसायला जागा, बाथरूमला रांग नाही.

रात्रभर_रांगेत
@घरबसल्या अहो मग लग्नाचे पण व्हिडिओच बघायचे का :D

ताई, मी ठामपणे सांगते, न्या. लेक तेरा वर्षांची आहे, याच वयात जे आवडतं ते आयुष्यभर चिकटतं. हजारो लोक एकाच वेळी तेच गाणं म्हणतायत आणि आपल्याला जे शब्द पाठ आहेत ते सगळ्यांनाच पाठ आहेत हे कळणं ही त्या वयात फार मोठी गोष्ट असते, विशेषतः वर्गात जर दुसऱ्या कुणाला ती गायिका आवडत नसेल तर. आणि याच्यावर अभ्यासही झालाय, व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच या दोघांचा २००३ चा, की वस्तूंवर घातलेल्या पैशापेक्षा अनुभवावर घातलेला पैसा लोकांना नंतर जास्त समाधान देतो. शिवाय तिकीट काढल्यापासून शोपर्यंतचे महिने असतात ना, त्यात ती कपडे ठरवेल, कुठलं गाणं पहिलं असेल त्याच्या पैजा लावेल, ते सगळं त्याच पैशात आलं. ट्रिप काय, पुढच्या वर्षीही होते. ती गायिका पुढच्या वर्षी दौरा करेल का, आणि केला तरी तुमच्या लेकीला तेव्हा ती आवडत असेल का, काय सांगावं.

चिकट_पण_प्रेमळ
@रात्रभर_रांगेत, तो अभ्यास मलाही माहितीये पण तो इथे लावताना लोक एक गडबड करतात. त्यात तुलना वस्तू विरुद्ध अनुभव अशी आहे. इथे ताईंसमोर सोफा विरुद्ध कॉन्सर्ट असा प्रश्नच नाहीये, महाग अनुभव विरुद्ध ट्रिप, म्हणजे दुसरा अनुभवच. त्याचं उत्तर त्या अभ्यासात नाही.

आणि महाग तिकिटाचा एक वेगळाच त्रास असतो ज्याबद्दल कुणी बोलत नाही. १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर यांनी एका नाट्यगृहाच्या सीझन तिकिटांवर प्रयोग केला होता, काहींना पूर्ण दराने दिली, काहींना सवलतीत. नाटकं तीच, सीटही तशाच, पण पूर्ण पैसे भरलेले लोक पहिल्या अर्ध्या सीझनमध्ये जास्त वेळा आले. म्हणजे पैसे भरलेत म्हणून जायचं. एकट्या माणसाचं ठीक आहे. पण लहान मूल बरोबर असलं की हेच अंगाशी येतं, पोराला कणकण आहे, झोप आलीय, गर्दीला घाबरून रडतंय, आणि आईबाप म्हणतायत एवढं महाग तिकीट आहे गप बस जरा. स्वस्त तिकीट असतं तर अर्ध्यात उठून आले असते हसत हसत. म्हणून माझा नियम असा की लहान मुलाला फक्त तिथेच न्यायचं जिथून अर्ध्यात उठून येताना जीव तुटणार नाही. फुकट ओपन एअर, दुपारचे छोटे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रांचे मुलांसाठीचे तासाभराचे शो. लेनर्ड बर्नस्टाइन या ऑर्केस्ट्रा संचालकाने तर १९५८ पासून चौदा वर्षं न्यूयॉर्कमध्ये मुलांसाठीच मैफली केल्या, वाद्यं काय करतात ते समजावून सांगत. धाकट्याला असलं काहीतरी शोधा, त्याच्या भाषेत तीच मोठी कॉन्सर्ट.

सारखी_घाईत
बापरे, एवढी माहिती. सगळ्यांचे आभार. डेसिबलचं वाचून नवऱ्याचा चेहरा पडला, कारण धाकट्याला खांद्यावर बसवून वगैरे त्याच्या मनात पूर्ण चित्र तयार होतं. पण त्याचा मुद्दा वेगळाच आहे, तो म्हणतो दोघींनी गेलं तर धाकट्याला वाटेल मला वगळलं, आणि हे "सगळ्यांनी मिळून" त्याच्या लहानपणी कधी झालं नाही म्हणून त्याला ते हवंय. त्याला काय सांगू?

तेराची_दोन_पोरं
हे मी बाप म्हणून सांगतो, माझी दोन्ही याच वयात आहेत. तेरा वर्षांच्या मुलीला आईबापांबरोबर आणि धाकट्या भावाबरोबर कॉन्सर्टला जायला आवडेल असं तुमच्या मिस्टरांना वाटतंय ना, तिला विचारलंय का? गंमत नाही करत. ती ओरडेल, रडेल, नाचेल, आणि त्यातलं निम्मं ती बाप बघतोय म्हणून दाबून ठेवेल. एखादी मैत्रीण आणि एक मोठं माणूस हे तिच्या दृष्टीने खरं सुख. मैत्रिणीच्या घरचे तिचं तिकीट काढतील, तुमच्याकडे दोनच तिकिटांचा खर्च, म्हणजे सरळ निम्मा, आणि त्या वाचलेल्या निम्म्यातून सीट एक पायरी वरची घेता येते. चार जणांनी लांबून स्क्रीन बघण्यापेक्षा दोघींनी नीट बघावं.

मिस्टरांचं दुःख खरं आहे पण ते या शोने भागणार नाही. त्यांना सगळ्यांनी एकत्र असायला हवंय, त्याला ट्रिपच बरी, तिथे चौघं एकमेकांशी बोलतात तरी. कॉन्सर्टमध्ये तीन तास कुणी कुणाशी बोलत नाही, ऐकूच येत नाही. आणि धाकट्याला वगळल्यासारखं वाटेल हे शंभर टक्के, वाटू दे थोडं, त्या संध्याकाळी बापलेकांनी काहीतरी भन्नाट करा जे ताईला मिळणार नाही. सहा वर्षांच्या मुलाला न्याय म्हणजे तेवढंच असतं.

आकडेमोड
वरच्याला अनुमोदन. फक्त एक, वाचलेल्या पैशातून वरची सीट घेण्याच्या नादात परत चौघांच्या आकड्यावर जाऊ नका, आधी आकडा ठरवा मग सीटचा नकाशा उघडा. आणि अनधिकृत रीसेलवाल्यांकडे शेवटच्या क्षणी जायचं असेल तर लेक घरात नसताना बघा, एकदा तिने "मिळतंय आई" ऐकलं की तुमची घासाघीस करायची ताकद गेली.

रात्रभर_रांगेत
मी अजूनही म्हणते चौघं गेलात तर धमाल येईल. पण धाकट्याच्या कानांचं वाचून थोडी गप्प झालेय, ते मान्य.

घरबसल्या
पैसे उरले की चांगला स्पीकर घ्या, रोज ऐका.

सारखी_घाईत
लेकीला विचारलं. "बाबा आले तर चालतील पण त्यांनी नाचायचं नाही" असं उत्तर आलंय, त्यावरून काय ते समजा :) आता बहुतेक मी, लेक आणि तिची मैत्रीण, मैत्रिणीच्या आईशी उद्या बोलते. कन्सोलवाल्या दादांनी सांगितलेल्या भागात सीट दिसतायत, पुढच्यांपेक्षा बऱ्याच कमी. ट्रिप पूर्ण रद्द करावी लागणार नाही, जरा छोटी होईल. नवरा धुसफुसतोय अजून, पण धाकट्याने त्याच्याकडून रात्री उशिरापर्यंत जागायचं वचन घेतलंय त्यामुळे तो गट फुटला. एकच विचारायचं राहिलं, तिघींची तिकिटं माझ्याच नावावर काढली तर आत जाताना अडचण येते का?

कन्सोलच्या_मागे
एकत्र जाणार असाल तर बहुतेक ठिकाणी येत नाही, पण काही दौऱ्यांना तिकीट नावावर असतं आणि ओळखपत्र बघतात, बुकिंगच्या अटींमध्ये ते लिहिलेलं असतं, वाचून घ्या. लहान मुलांसाठी वयाची अट आणि किती मोठं माणूस बरोबर लागतं तेही तिथेच असतं. तिकीट मोबाइलवर असेल तर मैत्रिणीचं तिच्या फोनवर आधीच पाठवून ठेवा, गेटवर हजारो लोक जमले की नेटवर्क मरतं. आणि पॉवरबँक न्या, तेरा वर्षांच्या दोघी पहिल्या तीन गाण्यांतच बॅटरी संपवतील.