'मेंटल मॉडेल' आणि 'थिंकिंग स्टाईल' : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

एका सेवेच्या डिझाइनसाठी लोकांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या आहेत आणि त्यांवरचा अहवाल मी मराठीत करते आहे. त्यात 'मेंटल मॉडेल' आणि 'थिंकिंग स्टाईल' हे शब्द पानोपानी येतात. आधीच्या मसुद्यात दोन्हींसाठी 'मानसिकता' वापरलंय. पण 'ज्येष्ठ वापरकर्त्यांची मानसिकता' असं वाचलं की त्यांच्यावर ठपका ठेवल्यासारखं वाटतं. 'विचारसरणी' म्हटलं की थेट राजकारणच डोळ्यांपुढे येतं. 'मनोप्रतिमान' कुणालाच कळलं नाही. काही सुचतंय का?

प्रतिसाद

'मानसिकता' आधी काढून टाका. आजच्या वापरात तो शब्द 'गुलामीची', 'झुंडीची', 'संकुचित' अशी विशेषणं सोबत घेऊनच फिरतो. शिवाय तुमच्या दोन संज्ञा म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एकच शब्द चालणार नाही.

मेंटल मॉडेलला साधं 'समजूत' म्हणा. बाहेरच्या जगाची एक छोटी प्रतिकृती माणूस मनात बाळगतो आणि काय केलं तर काय होईल हे आधी तिच्यावर करून बघतो, ही मांडणी केनेथ क्रेक या मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये केली. १९८६ मध्ये विलेट केम्प्टन या संशोधकाने घर उबदार ठेवणारी यंत्रणा लोक कशी वापरतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जण थर्मोस्टॅटकडे, म्हणजे तापमान ठरवायच्या काट्याकडे, नळासारखं बघत होते : जास्त फिरवला की जास्त उष्णता. प्रत्यक्षात साधा थर्मोस्टॅट ठरलेलं तापमान येईपर्यंत यंत्र चालू ठेवतो आणि मग बंद करतो. २२ वर ठेवा की ३० वर, खोली २२ ला पोचायला तेवढाच वेळ लागतो.

आता वाक्य करून बघा : 'काटा पुढे नेला की खोली लवकर तापते, अशी त्यांची समजूत होती.' कुठे अडलं? गंमत म्हणजे तांत्रिकदृष्ट्या चुकीच्या त्या समजुतीवर लोकांचं रोजचं काम बऱ्यापैकी भागत होतं, हेही केम्प्टनने नोंदवलंय.

प्रतिसाद

तुमच्या वाक्यातच दुखणं आहे. 'अशी त्यांची समजूत होती' म्हटलं की 'पण ते खरं नव्हतं' हे न लिहिताच ऐकू येतं. अख्खा अहवाल वापरणाऱ्याला बावळट ठरवणारा होईल. त्यापेक्षा 'डोक्यातलं चित्र' बरं.

प्रतिसाद

'डोक्यातलं चित्र' बोलायला छान आहे, पण अहवालात षष्ठी-सप्तमी लावताना तोंडाला फेस येईल.

आणि ती नकारात्मक छटा घालवायचा उपाय आहे : समजूत दोन्ही बाजूंना द्या. डिझाइनवर लिहिणाऱ्या डॉन नॉर्मनने डिझायनरच्या मनातलं मॉडेल, वापरणाऱ्याच्या मनातलं मॉडेल आणि प्रत्यक्ष वस्तू आपल्याबद्दल जे दाखवते ते, अशा तीन गोष्टी वेगळ्या केल्या. डिझायनर वापरणाऱ्याशी थेट बोलत नाही, मधे फक्त ती वस्तू असते. तेव्हा 'डिझायनरची समजूत' आणि 'वापरणाऱ्याची समजूत' असं जोडीने लिहा, म्हणजे एकट्या वापरणाऱ्यावर काही येत नाही. 'समजूत करून घेणे' हा वाक्प्रचारही नेमका बसतो, कारण सांगायला कुणी नसतं, आपली आपणच करून घ्यायची असते. (समजूत घालायचं काम मदतकेंद्राकडे!)

मूळ प्रश्नकर्ती

समजूत पटली. थिंकिंग स्टाईलचं काय? 'स्वभाव' चालेल?

प्रतिसाद

नको. स्वभावाला औषध नाही असं आपणच म्हणतो, म्हणजे तो शब्द लिहिला की डिझायनर हात झटकायला मोकळा. मी 'विचारांची धाटणी' म्हणेन, म्हणजे एखाद्या प्रसंगात माणसाचं मन कुठल्या वाटेने जातं ती.

एक प्रसंग घ्या. पैसे पाठवले आणि पडद्यावर आलं, 'व्यवहार प्रक्रियेत आहे'. एक जण लगेच स्क्रीनशॉट काढतो, व्यवहार क्रमांक टिपून ठेवतो. पुराव्याशिवाय त्याला चैन नाही. दुसरी फोन खिशात टाकते, जातील तेव्हा जातील. तिसऱ्याच्या मनात एकच : पुन्हा बटण दाबलं तर दोनदा कापले जातील का? व्यवहार अजून पुरा झालेला नाही हे तिघांनाही सारखंच कळलंय. समजूत एकच, धाटण्या तीन. वय, शिक्षण, लिंग बघून कोण कुठल्या धाटणीने जाईल ते सांगता येत नाही. आणि तीच बेफिकीर बाई संस्थेचे पैसे पाठवताना चटकन पुरावा जपणारी होते. स्वभाव असा तासाभरात पालटत नाही, धाटणी प्रसंगागणिक बदलू शकते.

कामाच्या दृष्टीनेही हा फरक ठेवाच. समजूत चुकीची असली तर वस्तूने स्वतःला नीट दाखवून ती दुरुस्त करायची. धाटणी दुरुस्त करायची नसते, तिला जागा द्यायची असते : पहिल्याला पावती, तिसऱ्याला 'पुन्हा दाबू नका, पैसे एकदाच जातील' ही ओळ (अर्थात ती खरी असेल तरच). दुसरीला त्रास न देणं हीच सोय.

प्रतिसाद

'विचारशैली' का नको? छापील मजकुरात जास्त शोभेल.

प्रतिसाद

चालेल, पण 'विचारशैली'चं अनेकवचनही 'विचारशैली'च. तुमच्या अहवालाचा मुद्दाच अनेकवचनाचा आहे. 'धाटण्या' निदान मोजता येतात.

जाता जाता : मसुद्यात 'सरासरी वापरकर्ता' असेल तर तोही काढा. अमेरिकी हवाई दलाने १९५० मध्ये चार हजारांहून जास्त वैमानिकांची मापं घेतली. तिथल्याच गिल्बर्ट डॅनियल्स या संशोधकाने त्यांतली १० मापं निवडून प्रत्येकात मधल्या सुमारे ३० टक्क्यांत बसणारा तो 'सरासरी' असं धरलं. दहाही मापांत सरासरी निघालेला वैमानिक : एकही नाही. आणि ही टेपने मोजता येणारी शरीरं होती.

मूळ प्रश्नकर्ती

'सरासरी' तीन ठिकाणी सापडला, काढते. पहिल्या उल्लेखात 'समजूत, म्हणजे ज्याला मेंटल मॉडेल म्हणतात ती' असं लिहून पुढे नुसतं 'समजूत' ठेवेन. गटांना मात्र 'पुरावा जपणारे', 'बेफिकीर' अशी नावं दिलेली आहेत, ती आता माणसांवरचे शिक्के वाटायला लागलीत.

प्रतिसाद

नामाऐवजी क्रियापद घ्या. 'पुरावा जपत जाणं', 'सोडून देऊन मोकळं होणं', 'आधी धोका चाचपणं'.