हेलियम कतारचा, फाईल आपली

गोदाकाठ:
मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या पैशाचा विषय निघाला की आपण मुंबई-दिल्लीकडे बोट दाखवून मोकळे होतो. पण जागतिक परिस्थितीचा फटकाही आपल्याला बसतोच. एनएमआर यंत्राचं बघा, म्हणजे नमुन्यातल्या रेणूंची रचना तपासणारं यंत्र. त्याचं चुंबक उणे 269 अंशांवर ठेवायला द्रव हेलियम लागतो. तो भारतात जवळपास सगळा आयातच होतो, मोठा वाटा कतारचा. 2017 साली शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा तिथले हेलियम प्रकल्प काही काळ बंद पडले होते. अन् इकडे तीन दरपत्रकं मागवून खरेदी समितीची बैठक लागेस्तोवर दराची मुदतच संपलेली असते! हेलियम वेळेवर भरला नाही तर चुंबकच बंद पडतं. अशा वस्तूंसाठी दोन-तीन वर्षांचे दरकरार हवेत, डॉलर वधारला तर वापरायला राखीव निधी हवा.

तासिकावाला:
कतार कामून आठवलं राव? आमच्या कॉलेजात पूर्णवेळ माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी तासिका तत्त्वावर कुणीतरी. मानधन महिनोन्‌महिने थकतं. 'जागतिक परिस्थिती' ही साहेब लोकांना सापडलेली नवी सबब आहे.

गोदाकाठ:
सबब करतीलही. पण उद्या जागा भरल्या अन् यंत्र बंदच राहिलं, तर पोरं नमुने घेऊन पुण्या-हैदराबादलाच पळणार ना?

मांजराकाठ:
पाण्याचं कुणी बोलेना. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. तसल्या उन्हाळ्यात वसतिगृह चालवायचं म्हणजे रोज टँकरवाल्याला फोन. दुष्काळाच्या वर्षी तरी परीक्षा मार्चअखेर उरकून पोरांना घरी पाठवा. त्याला कुठली निविदा लागते?

तासिकावाला:
घरी? गावात पाणी असतं होय? तिथं पोरींच्या डोक्यावर हंडा येतो, अभ्यास बसतो बाजूला. उलट वसतिगृह उन्हाळ्यात आधी चालू ठेवा.

मांजराकाठ:
हे पटलं. मग टँकरची तरतूद जूनच्या बजेटातच धरा, एप्रिलात धावाधाव नको.

पुस्तकवाला:
संशोधनाच्या नियतकालिकांचं उदाहरण घ्या. पूर्वी परदेशी वर्गणी संस्था आपापली नाहीतर वेगवेगळ्या गटांतून भरायच्या. 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं: तीन वर्षांना 6,000 कोटी, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं, सरकारी संस्थांना. दिल्लीनं एकत्र सौदा केला. हेलियमसाठी संभाजीनगर, नांदेड अन् परभणीच्या विद्यापीठांनी एकत्र का करू नये?

तासिकावाला:
करा की. फक्त यंत्रावर बसणारा तंत्रसहायक कोण, तेही त्याच ठरावात लिहा. का तोही अकरा महिन्यांच्या करारावर?